मुंबईतल्या वस्तीचा बदल मोजायचा कसा? मातृभाषा, आडनाव, जन्मगाव आणि टॉवर

जनगणना_वाचक

मुंबईत मराठी टक्का किती, हा वाद इथे दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो आणि शंभरेक प्रतिसादांनंतर धागा कुलूपबंद होतो. म्हणून हा धागा फक्त मोजणीसाठी. कोणता आकडा कुठून येतो, त्यातून काय कळतं आणि कुठे फसगत होते, एवढंच लिहू या. उणीदुणी काढायला बाकीचे धागे आहेत.

सुरुवात जनगणनेपासून. मातृभाषेचं कोष्टक सी-१६. २०११ चं हे कोष्टक २०१८ साली बाहेर आलं. त्यानंतर नवी जनगणना झालेली नाही, त्यामुळे आज कोणी 'सध्याचा मराठी टक्का' सांगत असेल तर तो अंदाज आहे. मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांची बेरीज अशी (२००१, मग २०११):

एकूण लोकसंख्या १,१९,७८,४५० वरून १,२४,४२,३७३.
मराठी ४५.२३ लाखांवरून ४४.०४ लाख.
हिंदी २५.८८ लाखांवरून ३५.९८ लाख.
उर्दू १६.८७ लाखांवरून १४.५९ लाख.
गुजराती १४.३४ लाखांवरून १४.२८ लाख.

म्हणजे मराठी सुमारे ३७.८ टक्क्यांवरून ३५.४ टक्क्यांवर. पन्नासच्या वर होता आणि आत्ता कोसळला, अशी समजूत असेल तर सोडून द्या. संयुक्त महाराष्ट्राच्या वादात १९५१ चा जो आकडा दोन्ही बाजू वापरत होत्या तोही ४३-४४ च्या आसपासच होता. मराठी हा मुंबईतला सगळ्यात मोठा गट तेव्हाही होता, आजही आहे. निम्म्याहून जास्त मात्र तेव्हाही नव्हता.

जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलायची ती. आई लहानपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी. तुम्ही आज कोणती बोलता, शाळेत कोणती शिकलात, याचा संबंध नाही. प्रगणकाला कुटुंबप्रमुखाने जे सांगितलं ते लिहिलं जातं आणि सगळ्या घराला एकच भाषा लावून मोकळं होणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे.

दुसरी अडचण जास्त मोठी. मुंबईत जिल्ह्याच्या खाली मातृभाषा मिळत नाही. वॉर्डपातळीवर जो प्राथमिक गोषवारा मिळतो त्यात लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुलं, साक्षर, काम करणारे, अनुसूचित जाती आणि जमाती एवढंच. 'दादरमध्ये मराठी इतके टक्के, घाटकोपरमध्ये गुजराती तितके' असं जनगणनेच्या नावावर कोणी लिहिलं तर कोष्टक क्रमांक मागा. वॉर्डाचं भाषेचं कोष्टकच नाही.

---

कोष्टकराव

चांगला धागा. हिंदीच्या आकड्याबद्दल दोन गोष्टी जोडतो, कारण सगळ्यात जास्त गैरवापर त्याचाच होतो.

एक, सी-१६ मधली 'हिंदी' ही पेटी आहे. त्यात भोजपुरी, अवधी, मारवाडी, राजस्थानी, छत्तीसगढी, हरियाणवी, गढवाली अशा पन्नासहून जास्त मातृभाषा टाकलेल्या आहेत. त्यामुळे 'हिंदी = उत्तर प्रदेश-बिहार' हे समीकरण चुकीचं. काळबादेवीतला मारवाडी व्यापारी आणि साकीनाक्यातला भोजपुरी कारागीर एकाच ओळीत बसतात. कोष्टकाच्या फाइलमध्ये भाषेच्या ओळीखाली मातृभाषांच्या वेगळ्या ओळी असतात, त्या उघडून बघा. तिथेही घोळ आहेच, कारण घरी भोजपुरी बोलणारे अनेक जण प्रगणकाला 'हिंदी' सांगतात.

दोन, उर्दू २.२८ लाखांनी कमी झाली आणि हिंदी १०.१० लाखांनी वाढली. हे दोन आकडे वेगळे वाचू नका. उत्तरेकडच्या मुस्लिम घरातली मातृभाषा एका जनगणनेत उर्दू आणि दुसरीत हिंदी लिहिली जाणं अगदी शक्य आहे. काही उर्दूभाषक मुंब्रा, मीरा रोड, भिवंडीकडे सरकले हेही आहे. कोणतं किती, हे कोष्टकातून सुटं होत नाही. म्हणून दोन्हींची बेरीज करून बघा: ४२.७५ लाखांवरून ५०.५७ लाख. वाढ १८ टक्के. 'हिंदी ४० टक्क्यांनी वाढली' हा मथळा आकड्याने जवळपास खरा आहे (३९ टक्के), पण त्यातला किती भाग माणसांच्या येण्याचा आणि किती पेटी बदलल्याचा, हे मथळा लिहिणाऱ्याने बघितलेलं नसतं.

मालवणी कोकणीच्या पेटीत जाते, मराठीच्या नाही, हेही लक्षात असू द्या. मुंबईतले बहुतेक सिंधुदुर्गवाले 'मराठी' सांगतात म्हणून फरक छोटा पडतो.

---

चहाबिस्कुट

म्हणजे गिरगावातल्या मालवणी काकू मोजणीत मराठी टक्का कमी करतायत. आता काकूंना कोण सांगणार. :)

(लिहा पुढे, वाचतोय.)

---

सातरस्ता

टक्का टक्का करण्याआधी घर कसं बदलतं ते बघायला हवं. गिरणगावाचं उदाहरण घेतो, कारण तिथला क्रम कागदावर स्पष्ट आहे.

१८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार. गिरण्या बंद पडत गेल्या तरी वस्ती लगेच हलली नाही. चाळीतली खोली पागडीची (एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाडेहक्काची) होती, भाडं १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे गोठलेलं. पगार बंद झाला तरी डोक्यावरचं छप्पर नाममात्र भाड्यात टिकलं. म्हणूनच १९८२ ते १९९१ या काळात वस्तीतले लोक तेच राहिले आणि उत्पन्न मात्र पडलं.

वस्ती हलायला लागली ती जमिनीचे नियम बदलल्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम: गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या भागाला लागू झाली. मालकांनी शेडखालची जमीन वाटणीतून बाहेर काढली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. म्हाडाच्या वाट्याची जमीन आटली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, ६,९२५ घरांची. अडीच लाखांपुढे हा आकडा ठेवून बघा.

तेव्हा 'परप्रांतीय आले म्हणून लालबाग-परळ बदललं' हे वाक्य मला पटत नाही. नव्या टॉवरमध्ये येणारा माणूस कोणत्या भाषेचा आहे हे नंतर येतं. आधी येतो तो दर, आणि त्या दरात घर घेऊ शकणाऱ्यांमध्ये गिरणी कामगाराचा मुलगा नव्हता.

---

शिवडीबंदर

@सातरस्ता, अर्धं मान्य. पण 'नंतर येतं' म्हणून सोडून कसं चालेल? त्याच दरात घर घेऊ शकणारी मराठी माणसंही आहेत, आणि त्यांना काही इमारतींत मांसाहारी म्हणून नाही म्हणतात. हा दर नाही. याचा आकडा कुठे आहे?

---

सातरस्ता

नाही म्हणतात हे खरं आहे, नाकारत नाही. त्याची मोजणी वेगळ्या पद्धतीने करावी लागते, 'सूची२' लिहितील बहुतेक.

---

कोष्टकराव

त्याआधी एक गणित. पुनर्विकासात टक्का घसरणं आणि माणूस हलणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि बहुतेक चर्चा पहिलीला दुसरी समजतात.

समजा सेस इमारत (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत), ४० खोल्या, सगळे भाडेकरू मराठी, घरटी ५ माणसं. म्हणजे २०० माणसं, १०० टक्के मराठी. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली पुनर्विकास झाला. ४० जणांना पुनर्वसनाची घरं (किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र) आणि विक्रीची ६० घरं. विक्रीच्या घरांत सगळे अमराठी, घरटी ३ माणसं, असं धरू.

घरांच्या हिशेबाने मराठी ४० टक्के.
माणसांच्या हिशेबाने २०० भागिले ३८०, म्हणजे ५२.६ टक्के.
विक्रीची २० घरं गुंतवणूक म्हणून कुलूपबंद असतील तर २०० भागिले ३२०, ६२.५ टक्के.

एकाही कुटुंबाने जागा सोडलेली नाही, तरी तीन वेगळे आकडे. बिल्डरच्या घरांच्या यादीवरून काढलात तर पहिला येईल, जनगणनेवरून काढलात तर तिसरा. रिकाम्या घरांची गोष्ट किरकोळ नाही: २०११ च्या मोजणीत मुंबईत ४.८ लाखांच्या आसपास घरं रिकामी होती.

हलणं कुठे सुरू होतं? पुनर्वसनाची घरं ताब्यात आल्यावर पाच-दहा वर्षांत. कारणं ठरलेली: लिफ्ट, पंप, सुरक्षा मिळून मेंटेनन्स चाळीच्या भाड्याच्या कित्येक पट होतो, बिल्डरने देखभालीसाठी दिलेल्या ठेवीचं (कॉर्पसचं) व्याज पुरत नाही, दोन भावांत एक घर असतं आणि वाटणीसाठी विकावं लागतं. मालमत्ता कर ५०० चौरस फुटांपर्यंत १ जानेवारी २०२२ पासून माफ आहे, त्याने थोडा दिलासा मिळाला, पण मेंटेनन्सच्या जाचावर तो उपाय नाही. तेव्हा विस्थापन मोजायचं तर पुनर्वसन घटकातली घरं वेगळी काढा आणि त्यांची पुनर्विक्री मोजा. विक्री घटक त्यात मिसळू नका.

बीडीडी चाळींकडे (ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळी) मी त्यासाठीच लक्ष ठेवून आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीला ५०० चौरस फुटांचं घर, वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. तिथली पुनर्विक्री आत्तापासून नोंदवून ठेवली तर पहिल्यांदाच स्वच्छ मालिका मिळेल.

---

सूची२

पुनर्विक्री मोजायची पद्धत लिहितो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्त शोधता येतात, प्रत्येक दस्ताची सूची-२ निघते. त्यावर देणारा, घेणारा, क्षेत्र, मोबदला, बाजारभाव, नोंदणीची तारीख असते.

१. भूखंडाचा क्रमांक मुंबई शहरात सी. एस. म्हणून चालतो, उपनगरात सीटीएस. शहराचे विभाग महसुली आहेत: लोअर परळ, परळ-शिवडी, माझगाव, दादर-नायगाव, माहीम वगैरे. टपालाचा पत्ता 'लालबाग' असला तरी नोंद परळ-शिवडीत सापडते. हे माहीत नसल्याने निम्मे लोक 'काहीच मिळत नाही' म्हणून सोडून देतात.

२. इमारतीचा सी. एस. क्रमांक सोसायटीच्या कागदांवर किंवा मालमत्ता पत्रकावर मिळतो. एका टॉवरखाली तीन-चार जुने भूखंड एकत्र आलेले असतात, सगळे क्रमांक टाकून शोधा.

३. दस्ताचा प्रकार बघा. पुनर्वसनातल्या भाडेकरूंशी बिल्डर करतो तो कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करारनामा, तोही नोंदलेला असतो. तो खरेदी म्हणून मोजलात तर जुना भाडेकरूच 'नवा खरेदीदार' होऊन बसतो. ही चूक छापून आलेल्या लेखांतही दिसते.

४. भाडेकराराचे (लिव्ह अँड लायसन्स) दस्त वेगळे ठेवा. मालक तोच राहून राहणारा बदलतो, हा बदल खरेदीत दिसत नाही आणि जुन्या वस्तीत तो आधी येतो.

५. कंपनीच्या नावावरची खरेदी, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोड बाजूला काढा. हक्कसोड म्हणजे बहुधा भावाने भावाला किंवा बहिणीने भावाला दिलेला हिस्सा, त्यात वस्ती बदलत नाही.

काय हाती लागत नाही: पागडीचं हस्तांतर, कारण ते वर्षानुवर्षं घरमालकाचा हिस्सा देऊन आणि भाडेपावतीवर नाव बदलून होतं, मोबदल्याचा मोठा भाग कागदावर येत नाही. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेतल्या घरांना ठरावीक वर्षं विक्रीबंदी असते, त्या काळात कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होतात. सूची-२ मध्ये शांतता, प्रत्यक्षात अख्खा मजला बदललेला. अशा ठिकाणी वीजजोडणीवरचं नाव सुद्धा उपयोगाचं नाही, ते जुन्याचंच राहतं.

शिवडीबंदर यांचा प्रश्न: नकाराचा आकडा कागदावर नसतो, कारण नकार दलालाच्या फोनवर होतो. त्यासाठी जोडीने चौकशी करतात. एकच नोकरी, एकच पगार, एकच कुटुंबरचना सांगणारे दोन चौकशीदार, फरक फक्त नावाचा. एकाच जाहिरातीवर दोघांनी एका दिवसाच्या आत फोन करायचा, आधी कोण हे आळीपाळीने बदलायचं, नाहीतर 'गेलं घर' हे उत्तर खरंही असू शकतं. नोंद तीन खान्यांत: घर दाखवलं का, अटी बदलल्या का, परत फोन आला का. उघड नकारापेक्षा अटी बदलणं जास्त सापडतं, म्हणजे डिपॉझिट वाढवणं, 'सोसायटीची एनओसी लागेल' वगैरे. निष्कर्षासाठी दहा-वीस जोड्या पुरत नाहीत, शेकड्यात लागतात.

कायद्याचं थोडक्यात. खरेदीनंतर सोसायटीने सभासदत्व पुरेशा कारणाशिवाय नाकारलं तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम २३ खाली उपनिबंधकाकडे अपील होतं. पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांना सभासद करण्याचा उपविधी ग्राह्य धरला, त्यामुळे एका समाजासाठीच स्थापन झालेल्या संस्थांचं उत्तर वेगळं येतं. भाड्याच्या घरासाठी तर जवळपास काहीच नाही. संविधानाचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, घाट यांचं नाव घेतं, भाड्याच्या खोलीचं घेत नाही.

---

खारफुटी

मतदार यादीतली आडनावं मोजून वॉर्डाचा टक्का काढतात ना सगळे पक्ष? मग ते का नको? तेवढंच तर घरपातळीवर मिळतं.

---

जनगणना_वाचक

मिळतं, आणि वापरावंही लागतं. पण खाचखळगे माहीत हवेत. मुंबईत हा प्रकार जुना आहे: साठच्या दशकात 'मार्मिक'मध्ये 'वाचा आणि थंड बसा' या सदरात टेलिफोन डिरेक्टरीतली नावं काढून छापत. तेव्हा फोन कोणाकडे असायचा? वरच्या अधिकाऱ्यांकडे आणि व्यापाऱ्यांकडे. म्हणजे नमुनाच एका थराचा. मतदार यादीचा नमुना त्याहून खूप बरा, तरी पूर्ण नाही.

यादीच्या एका पानावर ३० मतदार. एका भागात हजार-बाराशे नावं धरा. आधी मराठी यादी घ्या, इंग्रजी नको. इंग्रजीत 'चव्हाण' आणि 'चौहान' यांची स्पेलिंगं एकमेकांत मिसळतात, देवनागरीत बऱ्यापैकी सुटी राहतात.

नुसतं आडनाव घेऊ नका. जोशी मराठी, गुजराती, राजस्थानी, कुमाऊंनी चारही. देसाई मराठी आणि गुजराती. पटेल गुजराती हिंदू, गुजराती मुस्लिम आणि उत्तर प्रदेशातले कुर्मी. राठोड म्हणजे यवतमाळचा बंजारा की सौराष्ट्राचा? पाटील बेळगाव-विजापूरकडचे कन्नडभाषकही असतात. शेख, खान, सय्यद यांच्यावरून भाषा ठरवायला जाल तर कोकणी, दख्खनी आणि उत्तर हिंदुस्तानी तिन्ही मुस्लिम समाज एकाच पेटीत टाकाल. डिसूझा हा वसईचा किंवा वांद्र्याचा ईस्ट इंडियन (इथला मूळचा ख्रिस्ती) असेल तर घरची बोली मराठीची, मंगळूरचा किंवा गोव्याचा असेल तर कोकणी.

उपाय म्हणजे तीन खुणा एकत्र बघणं. पहिलं नाव, वडील किंवा नवऱ्याचं नाव, आणि आडनाव. 'जोशी, हसमुखभाई' आणि 'जोशी, दत्तात्रय' वेगळे पडतात. राठोडांमध्ये घरातल्या वडीलधाऱ्यांची नावं जास्त सांगतात, तरुणांची कमी. आर्यन आणि रिया सगळीकडे सारखेच. म्हणून घर क्रमांक धरून गट करा आणि ज्येष्ठ मतदाराच्या नावावरून घराला गट द्या.

यातून न ठरणारी नावं उरतातच. ती 'अनिश्चित' म्हणूनच छापा. ती बळेच वाटून टाकली की आकडा हवा तसा वळवता येतो, आणि तसंच केलं जातं. तपासणीसाठी दोन वेगळ्या माणसांकडून त्याच २०० नावांना गट द्यायला लावा. दहापैकी एकापेक्षा जास्त नावांवर मतभेद असेल तर नियम सैल आहेत.

आणि यादीत नसलेले लोक: १८ खालचे, गावाकडेच मतदान करणारे, भाड्याने फिरते राहणारे. उलट बाजूला, संक्रमण शिबिरात किंवा बदलापूरला गेलेले पण नाव जुन्या चाळीत राहिलेले. दोन्ही चुका एकाच दिशेने जातात. नव्याने आलेले कमी दिसतात, गेलेले टिकून दिसतात. पुनर्विकासाच्या भागात यादी प्रत्यक्ष बदलाच्या मागेच असते.

---

खारफुटी

घर क्रमांक धरून गट करायची युक्ती चांगली आहे. चाळीत मात्र सगळ्यांना एकच घर क्रमांक असतो बऱ्याचदा.

---

जनगणना_वाचक

बरोबर. तिथे वडिलांचं नाव आणि आडनाव जुळवून कुटुंब बांधावं लागतं. वेळखाऊ आहे, दुसरा मार्ग नाही.

---

नकाशेवाला

टक्का निघाला तरी 'वस्त्या वेगवेगळ्या होत चालल्यात का' याचं उत्तर त्यात नाही. त्यासाठी विलगतेचा निर्देशांक काढतात. प्रत्येक भागात पहिल्या गटाचा एकूणपैकी किती हिस्सा आहे आणि दुसऱ्याचा किती, यांतला फरक घ्यायचा, उणे चिन्ह सोडून द्यायचं, सगळ्या भागांची बेरीज करून निम्मी करायची. ० म्हणजे पूर्ण मिसळ, १ म्हणजे पूर्ण फारकत.

चार भाग घ्या. पहिला गट ४००, ३००, २००, १००. दुसरा १००, २००, ३००, ४००. फरक ०.३, ०.१, ०.१, ०.३. बेरीज ०.८, निम्मे ०.४.

आता हेच चार भाग जोडून दोन वॉर्ड करा. पहिला-दुसरा एकत्र, तिसरा-चौथा एकत्र: उत्तर पुन्हा ०.४. पण पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा असे जोडले तर दोन्ही वॉर्डांत ५००-५००, उत्तर शून्य. माणसं तीच, हद्द वेगळी. मुंबईत महापालिकेचे निवडणूक प्रभाग प्रत्येक पुनर्रचनेत हलतात, म्हणून दोन निवडणुकांच्या प्रभागांची तुलना करून 'मिसळ वाढली' किंवा 'घटली' म्हणण्यात काही अर्थ नाही. मतदान केंद्राच्या पातळीवर काढा आणि इमारती जुळवून तुलना करा. अक्षरांचे प्रशासकीय वॉर्ड (जी दक्षिण, एफ उत्तर) आणि निवडणूक प्रभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बातम्यांत दोन्हींना 'वॉर्ड'च म्हणतात.

मुंबईत आणखी एक अडचण: फारकत उभी असते. एकाच भूखंडावर पुनर्वसनाची इमारत आणि विक्रीचा टॉवर, दोन वेगळी फाटकं, दोन लिफ्ट, दोन सोसायट्या. नकाशावर तो एकच ठिपका आणि निर्देशांक म्हणतो छान मिसळ आहे.

---

वसई_फास्ट

सगळे मुंबईच्या हद्दीत मोजताय, म्हणून चित्र अर्धं. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्हा २,५२,६२० ने कमी झाला, ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर. उपनगर ८.३ टक्के वाढलं. त्याच काळात तेव्हाचा ठाणे जिल्हा (पालघर २०१४ ला वेगळा झाला) ८१.३२ लाखांवरून ११०.६० लाखांवर, म्हणजे ३६ टक्के. मीरा-भाईंदर ५.२० वरून ८.०९ लाख.

मराठी माणूस परळहून डोंबिवली-बदलापूर-विरारला गेला असं म्हणतो आपण, आणि ते खरंही असावं, पण जनगणनेतून सिद्ध होत नाही. स्थलांतराच्या डी मालिकेत मागचं राहतं ठिकाण 'याच जिल्ह्यात', 'राज्याच्या दुसऱ्या जिल्ह्यात', 'दुसऱ्या राज्यात' असं येतं. दुसरा जिल्हा कोणता, ते येत नाही. डोंबिवलीत परळहून आलेला आणि साताऱ्याहून आलेला एकाच खान्यात.

जन्मगाव वापरणाऱ्यांसाठी खास आपल्याकडचा घोळ: पहिलं बाळंतपण माहेरी. मुंबईत राहणाऱ्या बाईचं बाळ सांगलीला जन्मलं आणि तीन महिन्यांनी मुंबईला आलं की जन्मस्थानाच्या हिशेबात ते स्थलांतरित. म्हणून कारणांच्या कोष्टकात 'जन्मानंतर हलले' असा वेगळा खाना आहे, तो वजा करूनच आकडे वापरा. उलट, जौनपूरच्या आईबापांचं कुर्ल्यात जन्मलेलं मूल स्थलांतरित नाही, पण सी-१६ मध्ये त्याची मातृभाषा भोजपुरी किंवा हिंदी. 'परप्रांतीय' हा शब्द वापरताना यांतला कोणता आकडा मनात आहे ते लिहायला हवं.

---

शिवडीबंदर

आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतरचं स्थलांतर? मुंब्रा, मीरा रोडचा नया नगर. ते कोणत्या कोष्टकात येतं?

---

कोष्टकराव

सरळ कोणत्याच नाही. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले, पण घर सोडून गेलेल्यांची पत्त्यावार यादी अशी नाही. धर्माचं कोष्टक सी-१ शहरापर्यंत मिळतं, पण मुंब्रा ठाणे महापालिकेत असल्याने ठाण्याच्या आकड्यात विरघळतं. नया नगर मीरा-भाईंदरमध्ये. दोन जनगणनांमधला शहराचा फरक घेतला तर दिशा कळते, वस्ती कळत नाही. तिथे मतदार यादीच उपयोगी पडते, आणि धर्माच्या गटासाठी नावं भाषेपेक्षा कमी चुकतात.

---

चाळ_नंबर_७

मराठी शाळा बंद पडतायत यावरून काढता येत नाही का? पटसंख्या तर शाळेनिहाय मिळते.

---

सूची२

यूडायसवर (शाळांच्या सरकारी माहितीसंचात) माध्यम आणि इयत्तावार पट मिळतो, पण तो पालकांच्या निवडीचा आकडा आहे. मराठी घरांनीच मुलं इंग्रजी माध्यमात घातली. मराठी माध्यमाचा पट निम्मा झाला तरी वस्तीत मराठी घरं तेवढीच असू शकतात. महापालिकेच्या हिंदी आणि उर्दू शाळांचा पट त्या मानाने बरा सूचक, तोही कमी उत्पन्नाच्या घरांपुरताच.

---

सातरस्ता

अनुसूचित जातींचा आकडा तेवढा वॉर्डपातळीवर मिळतो असं वर आलंय, त्यात एक मेख आहे. जात महाराष्ट्राच्या यादीत असेल तरच नोंद होते. दुसऱ्या राज्यातून आलेल्या, तिकडे अनुसूचित असलेल्या पण इथल्या यादीत नसलेल्या जातीचा माणूस इथे सर्वसाधारणात मोजला जातो. त्यामुळे धारावी किंवा गोवंडीसारख्या ठिकाणी दलित वस्तीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींत धरतात, म्हणून १९८१ आणि १९९१ ची सरळ तुलना करू नका, उडी दिसेल ती मोजणीची आहे.

---

खारफुटी

पुढच्या जनगणनेत यातलं काय सुधारेल?

---

जनगणना_वाचक

लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. नोंद मोबाइलवर, स्वतः माहिती भरायची सोय, आणि १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जातींची गणना. वॉर्डपातळीवर मातृभाषा छापणार का, हा छापण्याच्या धोरणाचा प्रश्न आहे, गोळा तर पूर्वीही होत होती.

तुलना करायची असेल तर आत्ताच करून ठेवण्यासारखं काम: आपल्या भागातल्या इमारतींची यादी, प्रत्येकीचा सी. एस. किंवा सीटीएस क्रमांक, पुनर्विकास झाला असल्यास जुन्या खोल्या किती आणि नवी घरं किती (पुनर्वसन वेगळं, विक्री वेगळी), आणि २०११ मध्ये ती कोणत्या प्रशासकीय वॉर्डात होती. हद्दी बदलल्या तरी इमारतीवरून जुळवता येतं. घरी प्रगणक आला की मातृभाषा प्रत्येक माणसाची वेगळी सांगा, सासूची कानडी आणि सुनेची मराठी असेल तर तशीच. त्याखाली येणाऱ्या आणखी दोन भाषाही सांगा, बहुतेक जण 'ठीक आहे, पुढे जा' म्हणतात. सी-१७ चं द्विभाषिकांचं कोष्टक त्यावरच उभं आहे, आणि हिंदी मातृभाषेच्या किती लोकांना मराठी येते ते फक्त तिथेच कळतं.

---

चहाबिस्कुट

काकूंना निरोप दिला. त्या म्हणतात मालवणीच लिहिणार.